तुझं कार्ड, माझी सही

मित्रा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला, तू गेल्यानंतरच्या त्या सभेला, मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग कॉलनीतली माणसं एकेक करून उठली आणि "आमच्या मित्राताई" म्हणत तुझ्याबद्दल सांगू लागली. कुणाच्या आईची कवळी तू घरी जाऊन बसवून दिली होतीस. कुणाच्या मुलीला तू डेंटल कॉलेजात जायचं वेड लावलं होतंस. तुझ्या भावानं, मिलिंदनं, मला दोनदा हातानं खूण केली. "वसूताई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. दोन शब्द बोला." मी मान हलवली आणि चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर आले.

बोलले असते तर सव्वीस वर्षांची मैत्री, असं काहीतरी बोलले असते. शेवटचे आठ महिने मी तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर चुकवत होते, हे काही बोलले नसते. ते उत्तर सगळ्यांत आधी तुला द्यायचं होतं. उशीर झाला. तरी लिहिते आहे, कारण आज सकाळी मी एक काम करून आले आणि अशा वेळी मी तुलाच फोन करत आले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मॅडम आपल्याला कापडी पिशवी द्यायच्या, आठवतं? आत उपटलेले दात. डोळे मिटून एक दात बोटांनी चाचपायचा आणि सांगायचं, वरचा की खालचा, डावा की उजवा. मी घामाघूम व्हायचे. तू तो दात अंगठ्याखाली शांतपणे फिरवायचीस, तांदळातला खडा शोधावा तसा, आणि म्हणायचीस, "खालची पहिली दाढ, उजवी. आणि हा माणूस तंबाखू खायचा." सगळा वर्ग हसायचा. माझं डावं-उजवं तेव्हापासूनच कच्चं. प्रॅक्टिकलच्या दिवशी तू माझ्या उजव्या मनगटावर पेनानं ठिपका काढून दिला होतास. "ठिपका म्हणजे उजवं. बाकी काही डोक्यात आणू नकोस." मी पास झाले त्या ठिपक्यावर.

पुढे तू देवळाली कॅम्पच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावरचा गाळा घेऊन दवाखाना थाटलास आणि मी मेलेल्यांच्या दातांकडे वळले. माझं काम काय, हे लोकांना सांगताना मला अजूनही अवघडायला होतं. जळालेलं, कुजलेलं, पाण्यात राहिलेलं शरीर येतं. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नसते. दात मात्र बहुतेक वेळा टिकतात. मग त्या माणसाच्या दातांवर जिवंतपणी कुणी काम केलं असेल, तर त्या डॉक्टरकडची नोंद मागवायची आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. मी कुणाला ओळखत नाही. मी जुळवते. जुळलं तर सही करते आणि त्या सहीवर एखादं घर रडायला मोकळं होतं.

आमच्या पंचवटीतल्या घरात मृत्यू रोजचाच होता. वडील आणि भाऊ, दोघेही गोदाकाठी यजमानांचे दिवस करणारे. पण तो मृत्यू मंत्रांतून यायचा. मी आणायचे तो कपड्यांच्या वासातून. आई मला मागच्या दारानं न्हाणीघरात पाठवायची, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. पहिल्यांदा एकलहऱ्याच्या तुमच्या क्वार्टरमध्ये तशीच, कामावरून परस्पर आले, तेव्हा मी उंबऱ्यातच थांबले होते. तुझ्या आईनं विचारलं, "आत का येत नाहीस गं?" तू कारण सांगितलंस. त्या म्हणाल्या, "अगं, नाव नसलेल्याला नाव देऊन आलीय पोरगी. तिला आधी चहा दे." तो चहा मी उभ्यानंच प्यायले, कारण बसले असते तर रडले असते. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुझी आईही आता नाही.

आता त्या आगीबद्दल.

शहराबाहेर प्लास्टिकच्या भंगाराची शेड दुपारी पेटली. दोन मृतदेह सापडले. दोन माणसं बेपत्ता होती. एक प्रशांत, सत्तावीस वर्षांचा, तुमच्याच एकलहऱ्याचा. त्याचे वडील आणि तुझे वडील एका पाळीत वीज केंद्रावर कामाला होते, आणि प्रशांतला तू चड्डीत फिरताना पाहिलेलं. दुसरा संजय, देवळ्याकडचा, साधारण त्याच वयाचा, त्याच बांध्याचा. सरळ वाटतं, नाही का? दोन देह, दोन नावं. पण त्या दिवशी आत नक्की किती माणसं होती हे ठेकेदाराला धड सांगता येत नव्हतं. आधी दोन म्हणाला, मग म्हणाला, "रोजंदारीचा एखादा असेलही, मी कुठं मोजतो?" म्हणजे देह दोन असले, तरी नावं तीन असू शकत होती.

डीएनएसाठी नमुने गेले होते, पण निकालाला किती आठवडे लागतील ते कुणीच सांगेना. दोन्ही घरची माणसं शवागाराबाहेरच्या झाडाखाली बसून होती. संजय कधी दंतवैद्याकडे गेलाच नव्हता. प्रशांत गेला होता, तुझ्याकडे. तू स्वतः त्याचं कार्ड घेऊन आलीस, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पोटाशी धरून.

एका देहाच्या तोंडात खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर धातूची टोपी होती, खाली रूट कॅनॉल केलेलं. दुसऱ्याच्या तोंडात कसलंच काम नव्हतं. मी तुझं कार्ड उघडलं. रूट कॅनॉल, धातूची टोपी, पहिली दाढ, खालची. आणि बाजू, डावी.

मी तीनदा वाचलं. मनगटाकडे बघितलं, त्यावर ठिपका असल्यासारखं. परत देहाकडे गेले, परत आले. दाढ उजवीच होती. कार्ड डावीच म्हणत होतं.

"मित्रा, ही बाजू?"

तू कार्ड हातात घेतलंस. तुझा चेहरा एवढा पांढरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "मी उजवीच केली होती, वसू. लिहिताना चुकले असेन. त्या दिवशी गर्दी होती."

"क्ष-किरण फोटो?"

"फिल्म त्यालाच दिली होती. त्याच्या आईनं अख्खी पेटी उपसली, नाही सापडली." मग तू म्हणालीस, "तू काढलेला फोटो दाखव मला."

मी स्क्रीनवर दाखवला. तू खुर्ची पुढे ओढलीस. फोटो मुळांपर्यंत न्याहाळलास आणि बोट ठेवलंस. मागच्या मुळात, अगदी टोकाशी, तांदळाच्या कणीएवढी चकाकती रेघ. मला ती आधीच दिसली होती. मुळं साफ करायच्या सुईचं टोक तुटून आत राहिलं की असंच दिसतं.

"हे माझं," तू म्हणालीस. "सुई तुटली होती. मी त्याला सांगितलं होतं, काही त्रास झाला तर लगेच ये म्हणून. हा प्रशांत आहे."

"कार्डावर लिहिलंयस?"

तू मान खाली घातलीस. "नाही."

"मग मी कशावर सही करू?"

"माझ्यावर कर ना! मी सांगतेय तुला. मी केलेलं काम मला ओळखू येणार नाही?"

"सुया सगळ्यांच्याच तुटतात, मित्रा. कार्ड म्हणतं डावी. मी तुझी आठवण फायलीला जोडू शकत नाही."

इथपर्यंत आपलं भांडण दोन डॉक्टरांचं होतं. त्यानंतर तू उठलीस, बाहेर गेलीस आणि झाडाखाली बसलेल्या शांताबाईंना, प्रशांतच्या आईला, जवळ घेऊन सांगितलंस, "मावशी, प्रशांत सापडला." त्यांनी हंबरडा फोडला. माणसं धावली. कुणीतरी कॉलनीत फोन लावला, कुणीतरी गाडीचं बघायला गेलं. दुसऱ्या बाजूनं संजयचे वडील उठून माझ्या दारात आले. पांढरी टोपी हातात, डोळे माझ्यावर. "मंग दुसरा मना पोऱ्या शे का, डॉक्टर? सांगा ना."

दुसरा देह त्यांच्या मुलाचा का, हे मलाही सांगता येत नव्हतं. मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अजून काहीही नक्की नाही. निकाल आल्याशिवाय कुणीही काही न्यायचं नाही."

शांताबाईंचं रडणं मध्येच थांबलं. ते थांबणं मला आजही ऐकू येतं. त्यांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक डॉक्टर हो म्हणते, एक नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "मी रडू का नको, तेवढं तरी सांगा."



मी तुला दंडाला धरून आत ओढलं आणि जे बोलायला नको होतं ते बोलले. "डावं-उजवं नीट लिहिता आलं असतं तर आज ही दोघं आपापल्या घरी गेली असती. तुझ्या एका शब्दानं त्यांना इथं बसवलंय."  पिशवीची घडी घातलीस, कार्ड माझ्या टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. ज्या मुलीनं माझ्या मनगटावर ठिपका काढला होता, तिला मी हे बोलले होते.

त्यानंतरचे पाच आठवडे मी कशी जगले ते तुला कळू दिलं नाही. शांताबाई रोज सकाळी फोन करायच्या. "आला का निकाल?" एवढंच. मी "नाही, मावशी" म्हणायचे आणि त्या "बरं" म्हणून ठेवून द्यायच्या. माझं मन दिवसभर एकाच जागी घिरट्या घालायचं. तू म्हणतेस तसं असेल तर मी एका आईला विनाकारण ताटकळत ठेवलंय. तू म्हणतेस तसं नसेल, तर तू तिला परक्याच्या मरणावर रडवलंयस. आणि ठेकेदाराचा तो तिसरा माणूस खरा असेल तर? घरातला गॅस बंद आहे का ते मी चार चारदा बघायचे. कामावर जुन्या फायली काढून माझ्या सह्या तपासायचे. नवऱ्यानं विचारलं, "तू कशाला एवढी घाबरतेस? तू तर थांबवलंस. चूक झाली तर तिची होईल." त्याला काय सांगणार होते?

निकाल आला. टोपीवाला देह प्रशांतचाच होता. दुसरा संजयचा. तिसरं कुणी नव्हतं.

संजयच्या वडिलांनी कागदावर अंगठा उठवला आणि शाई पुसता पुसता विचारलं, "आते लई जाऊ का त्याले?" एवढे दिवस झाडाखाली बसून त्या माणसानं एकदाही आवाज चढवला नव्हता. शांताबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात ना, म्हणून मी पाच आठवडे त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. बरं झालं का वाईट, मला कळत नाही." आणि गेल्या. मलाही कळत नाही, मित्रा.

तू त्या दिवशी आली होतीस. "मी म्हटलं होतं ना," हे शब्द तुझ्या तोंडून मी ऐकणार, म्हणून मी जबडा आवळून उभी होते. तू म्हणालीस, "माझं कार्ड चुकलं होतं. तू सही केली नाहीस ते बरोबर होतं." मी "हं" म्हटलं. फक्त हं.

पुढे महिनाभरानं तुझ्या दवाखान्यात चहा पिताना तू तो प्रश्न विचारलास. "वसू, एक विचारू? सही नाही केलीस, ते समजलं. पण तू माझ्याकडे बघत पण नव्हतीस. मी सुई दाखवली तेव्हा तुला मनातून तरी पटलं होतं का?"

"नियम आहे," मी म्हणाले.

"नियम मला माहीत आहे. मी तुला विचारतेय."

मी घड्याळ बघितलं आणि लेकीच्या क्लासचं कारण काढून उठले. त्यानंतर आपण भेटलो ते लग्नाकार्यात, माणसांच्या गराड्यात. तू एकदा फोनवरही म्हणालीस, "तुझं उत्तर बाकी आहे हं." हसून म्हणालीस. मीही हसले.

आणि मग त्या मंगळवारी लताताईंचा, तुझ्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचा, फोन आला. पेशंटच्या तोंडात आरसा धरलेला असताना तू "डोकं" असं म्हणालीस आणि खुर्चीच्या कडेला धरून खाली बसलीस. मेंदूत रक्तस्राव. तीन दिवस तू अतिदक्षता विभागात होतीस. मी आले, काचेतून आत पाहिलं, मग आत सोडलं मला. सांगायचं ठरवूनच आले होते. पण तुझ्या तोंडात नळी होती, ओठ एका बाजूला ओढले गेले होते, दात दिसत होते, आणि माझे डोळे, मित्रा, सवयीनं तुझे दात बघू लागले. वरची उजवी दाढ, चांदी भरलेली. तिसऱ्या वर्षाला आपण एकमेकींवर हात साफ करायचो तेव्हा मी भरलेली, ओबडधोबड, कड वर आलेली. एवढी मोठी दंतवैद्य झालीस, तरी ती बदलून घेतली नव्हतीस. मनातल्या मनात मी ती नोंदवली. बाजू, क्रमांक, चांदी. भानावर आले तेव्हा मला स्वतःची एवढी किळस आली की मी तुझा हात सोडून बाहेर पळाले. उत्तर राहिलंच.

परवा मिलिंदनं मला दवाखान्यात बोलावलं. कार्डांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. लताताई कपाट उघडून उभ्या होत्या. "मॅडमनी शेवटी शेवटी काय काम काढलं होतं, तुम्हाला म्हाईत हाय का?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं.

त्या आगीनंतर दर रविवारी तू सगळी जुनी कार्डं काढून बसायचीस. ज्या ज्या कार्डाबद्दल शंका, त्या त्या माणसाला फोन. "एकदा येऊन जा, फक्त तोंड बघायचंय." लोक घाबरून यायचे, काही भयंकर निघालं की काय म्हणून. तू तोंड बघायचीस, कार्डाशी ताडून पाहायचीस आणि चूक सापडली की लाल पेनानं दुरुस्ती, खाली तारीख आणि सही. लताताई म्हणाल्या, "मी बोलले, मॅडम, कोण बघतंय हो हे? तर म्हनल्या, लता, ज्या दिवशी कोणी बघंल ना, त्या दिवशी मी खरं-खोटं सांगायला नसेन."

मी खाली बसून कार्डं चाळली. अकरा चुका सापडल्या होत्या तुला. अकरा जागी तू लाल अक्षरात लिहिलं होतंस, 'चूक माझी', आणि पूर्ण सही. तुटलेल्या सुया तीन. त्या पेशंटना बोलावून त्यांच्या हातावर नव्यानं फोटो ठेवला होतास. इकडे मला वाटत होतं की तू रागावून येत नाहीस. प्रशांतच्या कार्डाची झेरॉक्सही त्यात होती. ती मी उलटीसुलटी करून पाहिली, माझ्याबद्दल काही लिहिलं आहेस का म्हणून. काही नव्हतं. नुसतं 'डावी' खोडून 'उजवी' आणि तीच दोन शब्दांची कबुली. तिथंच, तुझ्या पेशंटच्या खुर्चीच्या पायाशी, मला रडू आलं. लताताईंना वाटलं, तुझ्यासाठी रडतेय. तेही होतंच.

आता तुझं उत्तर.

हो. तू सुई दाखवलीस त्या क्षणी मला पटलं होतं. तो प्रशांत आहे, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणूनच मी तुझ्याकडे बघत नव्हते. कारण अशीच मनोमन खात्री मला त्याआधी एकदा वाटली होती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पेठच्या रस्त्याला, जंगलात, एका पुरुषाचा मृतदेह मिळाला होता. बरेच दिवसांचा. शहरातल्या एका घरातला माणूस भांडून निघून गेलेला. त्याचा भाऊ आला. म्हणाला, आमच्या दादाचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. देहाचाही तुटलेला होता. वय जमत होतं, उंची जमत होती. दंतवैद्याची नोंद एकही नव्हती. मी थांबायला हवं होतं. पण त्या दादाची बायको कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभी होती, आणि मला वाटलं, यांना मोकळं करावं. मला आतून खात्री वाटत होती. मी लिहिलं, जुळतं. सही केली. त्यांनी देह नेला, अग्नी दिला, अस्थी रामकुंडात सोडल्या. आमच्या घरापासून चार मिनिटांवर.

तीन महिन्यांनी ती सगळी मंडळी पेढे घेऊन माझ्या खोलीत आली. मध्ये एक माणूस उभा, पुढचा दात तुटलेला, सुरतेहून आलेला. "डॉक्टर, आमचा दादा जिवंत आहे!" तो हात जोडून हसत म्हणाला, "तुम्ही मला मारलंत मॅडम, तरी नमस्कार." सगळे हसले. मीही हसले, पेढा खाल्ला. गोड लागला होता तो.

त्यांचा माणूस परत आला होता, त्यांना पुढचं विचारायची गरज नव्हती. पोलिसांत त्यांनी कळवलं असेल, फायलीवर पुन्हा 'अनोळखी' असा शेरा पडला असेल, असं मी धरून चालले. विचारायला गेले नाही. मग तो कोण होता, मित्रा? कुणाच्या नावानं गेला? त्याच्या घरी कुणीतरी शांताबाईंसारखं दार उघडं ठेवून बसलं असेल, आणि माझ्या सहीनं त्याला शोधायचं कारणच संपवून टाकलं. रामकुंडावरून जाताना मी इतकी वर्षं समोर बघून चालते, पाण्याकडे बघत नाही. आईला वाटतं, मी नास्तिक झाले.

हे तुला का सांगितलं नाही? तू म्हणाली असतीस, "मग जा आणि सांग." तुझा स्वभाव मला माहीत होता. मला जायचं नव्हतं. म्हणून त्या दिवशी माझी चूक झाकायला मी तुझी चूक सगळ्यांसमोर धरली. तुझ्यावर ओरडले ते माझ्यासाठी होतं. माफ कर, असं म्हणते खरी, पण माफी देणारं माणूसच शिल्लक नसताना ती मागायला काही लागत नाही. म्हणून नुसती मागून थांबायचं नाही, असं ठरवलं.

त्या अनोळखी माणसाच्या दातांचा तक्ता माझ्याकडे होता. दोन फोटो, तीन फिल्म. घरातल्या कपाटात, साड्यांच्या खाली. आज सकाळी ते पाकीट घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. अर्ज लिहून नेला होता. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेला. त्यात स्पष्ट लिहिलं की अमुक ओळख मी पटवली होती, ती चुकीची होती, आणि या दातांचा तक्ता त्या काळातल्या बेपत्ता माणसांच्या नोंदींशी पुन्हा ताडून बघावा. बाहेर बाकावर बसले तेव्हा दोनदा उठून फाटकापर्यंत गेले. नोकरीचं काय होईल, चौकशी होईल का, जुन्या सगळ्या सह्या कुणी उकरून काढेल का, लेकीला काय सांगू. हे सगळं अजून तसंच आहे. ते काही कमी झालेलं नाही.

टेबलाशी एक महिला हवालदार होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"इतक्या वर्षांनी, मॅडम? कोणी विचारायला आलं होतं का तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणाले. "कुणीच आलं नाही."

"हे तुमच्यावर येईल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

त्यांनी पाकीट उघडलं, एक फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, आणि अगदी जपून परत आत ठेवली. मग समोरच्या खुर्चीवरचं रजिस्टर उचललं. "बसा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. मयताचं नाव?"

नाव मला माहीत नव्हतं, मित्रा. म्हणून मी त्याच्या दातांपासून सुरुवात केली.